ज्यांनी वर जायला नकार दिला : चिल्कूट खिंड, ३ एप्रिल १८९८

१/ अलास्कातील डायई हे एकेकाळचे गजबजलेले बंदर आज ओसाड आहे. त्याच्या जवळच्या झाडीत एक लहानशी दफनभूमी आहे. तिथल्या लाकडी फळ्यांवरची नावे निरनिराळी, माणसांची मूळ गावे निरनिराळी. मृत्यूची तारीख मात्र बहुतेक फळ्यांवर एकच आहे : ३ एप्रिल १८९८. आजची मालिका त्या दिवशी कोसळलेल्या हिमाविषयी, त्याखाली गेलेल्या माणसांविषयी आणि त्या दिवसांत वर जायला ज्यांनी सरळ नकार दिला त्या लोकांविषयी आहे. मालिका लांब आहे, सवडीने वाचा.

२/ आधी शब्दांची एक अडचण. आकाशातून पडणारा भुसभुशीत पांढरा थर आणि पाणी गोठून झालेला टणक खडा, दोघांनाही मराठीत आपण ‘बर्फ’च म्हणतो. इथे पहिल्याला ‘हिम’ आणि दुसऱ्याला ‘बर्फ’ म्हणणार आहे. हा भेद शेवटी, एव्हरेस्टच्या पायथ्याशी पोहोचलो की कामी येईल.

३/ ऑगस्ट १८९६ मध्ये कॅनडाच्या वायव्य टोकाला, क्लोंडाइक नदीच्या एका ओढ्यात सोने सापडले. ती बातमी बाहेरच्या जगाला कळायला जवळजवळ वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन आलेली दोन जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटल येथे लागली आणि अमेरिकेत अक्षरशः वेड पसरले. आधीची काही वर्षे तिथे मंदीची गेली होती. कारकून, न्हावी, शिक्षक, बेकार कामगार, कुणीही उठून उत्तरेकडे निघाला. सुमारे एक लाख लोक घराबाहेर पडले असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांतले तीस-चाळीस हजारच डॉसन या सोन्याच्या गावापर्यंत पोहोचले.

४/ या लाखभर लोकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी डोंगर चढलेला नव्हता. पुढचे सगळे वाचताना हे ध्यानात असू द्या.

५/ डॉसनला जाण्याची सर्वांत प्रसिद्ध वाट चिल्कूट खिंडीतून होती. डायईच्या किनाऱ्यापासून बेनेट सरोवरापर्यंत सुमारे ५३ किलोमीटर. खिंडीची उंची अवघी हजार मीटरच्या आसपास. आपल्या कळसूबाईपेक्षा, इतकेच काय राजगडाच्या बालेकिल्ल्यापेक्षाही कमी! आकडा ऐकून हसू येईल. परंतु वाट थेट समुद्रसपाटीवरून सुरू होते, अक्षांश साठच्या जवळपास आहे, आणि समुद्रावरून येणारे बाष्प त्या डोंगरांवर हिवाळाभर हिम ओतत असते. हिमस्खलनाला उंची लागत नाही. उतार लागतो आणि हिम लागते.

६/ त्यात कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी नियम केला : वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय सरहद्द ओलांडू द्यायची नाही. नियम शहाणपणाचाच होता, नाहीतर डॉसनमध्ये लोक उपाशी मेले असते. पण अन्न, तंबू, हत्यारे मिळून एकेकाचे सामान सुमारे एक टन होई. एका फेरीत माणूस किती वाहणार? वीस-पंचवीस किलो. म्हणजे एकाच माणसाला तोच उतार तीस-चाळीस वेळा चढावा लागे. खिंडीच्या शेवटच्या चढावर बर्फात पायऱ्या खोदल्या होत्या, त्यांना लोक ‘सोनेरी जिना’ म्हणत. मुंग्यांसारखी काळी रांग पांढऱ्या उतारावर चढते आहे, हे एरिक हेग या छायाचित्रकाराने टिपलेले दृश्य तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल. चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’ (१९२५) या चित्रपटाची सुरुवात त्याच रांगेने होते.

७/ तीस-चाळीस फेऱ्या. एखाद्या धोक्याच्या उतारावरून एकदा जाणे आणि चाळीस वेळा जाणे यांतला फरक गणिताचा आहे, आणि तो त्या रांगेतल्या फारच थोड्यांच्या ध्यानात आला होता.

८/ आता ज्यांची ती वाट होती त्यांच्याकडे वळू. चिल्कूट ही सोनेवाल्यांनी शोधलेली वाट नव्हे. ट्लिंगिट लोक पिढ्यान्‌पिढ्या या खिंडीतून आतल्या प्रदेशातील लोकांशी व्यापार करत होते. किनाऱ्यावरच्या लहान माशांचे तेल वर जाई, कातडी आणि लोकर खाली येई. वाटेवर त्यांचा ताबा इतका पक्का होता की १८८० च्या सुमारास अमेरिकी आरमाराच्या मध्यस्थीने समझोता होईपर्यंत बाहेरच्या माणसाला तिथून जाणे जवळपास अशक्यच होते.

९/ सोन्याची लाट आली तेव्हा ट्लिंगिट पुरुष आणि स्त्रियाही भारवाहक म्हणून उभ्या राहिल्या. पुरुष पंचेचाळीस किलोचे ओझे सहज उचलत, काही त्याहून अधिक. दर ते स्वतः ठरवत. मागणी वाढली की दर वाढत. वाटेत अधिक देणारा भेटला तर आधीचे ओझे तिथेच खाली ठेवून त्याचे उचलत. खिंडीच्या खालच्या ज्या सपाटीवर ओझी पुन्हा तोलून नवा दर ठरे, तिचे नावच ‘स्केल्स’ पडले, म्हणजे तराजू. गोऱ्या प्रवाशांच्या आठवणींमध्ये या ‘लोभीपणा’विषयी पुष्कळ चरफड आढळते.

१०/ मला ती चरफड फार बोलकी वाटते. जो मजूर दर ठरवू शकतो, तो ‘आज नाही’ असेही म्हणू शकतो. वसाहतकाळातल्या नोंदींत ‘आळशी’, ‘लोभी’, ‘भित्रा’ ही विशेषणे दिसली की वाचकाने क्षणभर थांबावे. पुष्कळदा त्यांच्या मागे एखादा नकार दडलेला असतो.

११/ १८९८ चा फेब्रुवारी आणि मार्च वादळांत गेला. मार्च संपता संपता हवा बदलली. दक्षिणेकडून उबदार, दमट वारे वाहू लागले आणि त्यांच्यासोबत पडू लागले ते जड, ओले हिम. एप्रिलच्या पहिल्या दोन दिवसांत उतारांवर त्याचा मोठा थर साचला. हिवाळाभर साठलेल्या जुन्या थरांच्या वर हे नवे ओझे.

१२/ इथे थोडे विज्ञान सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. डोंगरावरचे हिम म्हणजे एकसंध ढीग नसतो. एकावर एक रचलेल्या गोधड्यांसारखे ते थरांचे असते. प्रत्येक वादळ नवी गोधडी टाकते. दोन गोधड्यांमधली पकड घट्ट असेल तर उतार शांत राहतो. मधला एखादा थर सैल, साखरेसारखा दाणेदार किंवा गुळगुळीत झाला असेल, तर वरची गोधडी कधीही सरकू शकते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकते. त्याहून खडा असेल तर साठण्याआधीच थोडे थोडे गळून जाते. दुर्दैव असे की मधला उतार माणसाला आणि स्कीवाल्याला ‘बरा’ वाटतो.

१३/ वसंतात यात पाण्याची भर पडते. दिवसा ऊन लागते, वरचे हिम वितळते आणि पाणी थरांतून खाली झिरपते. वाटेत एखादा कठीण थर आडवा आला की ते त्यावर साचते आणि पकड सुटते. रात्र निरभ्र असेल तर उष्णता आकाशात निघून जाते, पाणी गोठते आणि पहाटे तोच उतार दगडासारखा कडक होतो. म्हणून वसंतातील पर्वतप्रवासाचा सगळा हिशोब घड्याळाचा आहे : अंधारात निघायचे, ऊन चढायच्या आत उतारांखालून बाहेर पडायचे. आधी पूर्वेकडचे उतार सुटतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे.

१४/ पण रात्र ढगाळ असेल तर? ढग म्हणजे पांघरूण. उष्णता अडते, हिम गोठतच नाही, आणि पहाटसुद्धा दुपारइतकीच धोक्याची ठरते. पायाखालचे हिम पहाटे घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत खचू लागले तर रात्रीने आपले काम केलेले नाही असे समजावे. चिल्कूटला एप्रिलच्या त्या सुरुवातीला नेमके हेच घडत होते. उबदार हवा, वर ढग, नवे ओले ओझे. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

१५/ (जाता जाता : मोठ्याने ओरडल्याने हिमस्खलन होते ही समजूत चित्रपटांनी पसरवली आहे. आवाजाच्या लहरींत तेवढा जोर नसतो. माणसाचे वजन मात्र पुरते. अपघातांत बळी गेलेल्यांनी, किंवा त्यांच्या सोबत्यांनी, बहुधा तो उतार स्वतःच सोडवलेला असतो.)

१६/ ट्लिंगिट भारवाहकांकडे उष्णतामापक नव्हते आणि थरांची परिभाषाही नव्हती. त्यांनी हवा पाहिली, उतार पाहिले आणि सामान उचलायला नकार दिला. काही अनुभवी गोरे प्रवासीही त्यांच्यासोबत खाली शीप कॅम्पला थांबले. बाकीच्यांनी काय केले? वादळ थोडे ओसरलेले दिसले आणि ते वर गेले. आठवडाभर तंबूत अडकून पडलेल्या माणसाला ढगांतली फट म्हणजे निमंत्रणच वाटते.

१७/ ३ एप्रिल, रविवार. ख्रिस्ती पंचांगातला ‘पाम संडे’. पहाटेपासूनच लहान-मोठी स्खलने होऊ लागली. स्केल्सजवळ काही माणसे गाडली गेली. काहींना जिवंत बाहेर काढले, काही गेली. आता मात्र वर असलेल्यांना धोका कळला. तिथे सामान वाहण्यासाठी तारेवरचे पाळणे उभारणाऱ्या कंपन्यांचे कामगार होते, सोनेवाले होते. सर्वांनी खाली शीप कॅम्पकडे निघायचे ठरवले. समोरचे काही दिसेना, म्हणून एका लांब दोराला धरून, एकामागोमाग एक, ती रांग दरीतून उतरू लागली.

१८/ निर्णय योग्य होता. वेळ चुकली होती आणि वाटही. ती दरी म्हणजे दोन्हीकडच्या उतारांचे गटार. वरून सुटलेले सगळे हिम जिथे येऊन साचते, नेमक्या त्या तळातून दोराला धरलेली माणसे चालली होती. दुपारच्या सुमारास वरचा उतार सुटला.

१९/ शीप कॅम्पहून शेकडो लोक फावडी घेऊन धावले. पहिले लोक वीसेक मिनिटांत पोहोचले असे सांगतात. त्यांनी समांतर चर खणायला सुरुवात केली. हिम काही ठिकाणी तीस फूट खोल होते. ओले हिम थांबताक्षणी सिमेंटसारखे घट्ट बसते. आत अडकलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. प्रत्यक्षदर्शींच्या हकिगतींत एक तपशील पुन्हा पुन्हा येतो : हिमाखालून आवाज ऐकू येत होते. गाडलेली माणसे एकमेकांशी आणि वरच्यांशी बोलत होती, निरोप देत होती. हळूहळू आवाज थांबत गेले.

२०/ हे इतके भीषण का घडते ते आज ठाऊक आहे. स्वित्झर्लंडमधील अपघातांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे नव्वद टक्के जगतात. पस्तीस मिनिटांपर्यंत ते प्रमाण तीस टक्क्यांवर येते. मृत्यू थंडीने होत नाही, गुदमरून होतो. म्हणजे बाहेरून येणारी मदत, ती कितीही धावत आली तरी, बहुधा उशिराच येते. आज प्रवासी अंगावर संदेशक यंत्र, पाठीवर फावडे आणि शोधकाठी बाळगतात ती याच पंधरा मिनिटांसाठी : सोबत्यानेच सोबत्याला काढायचे असते. आणि याच कारणासाठी धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून पाहायचे. सगळे एकदम गाडले गेले तर खणणार कोण? चिल्कूटच्या दोराने नेमके हेच केले होते, सर्वांना एकत्र बांधले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, धुक्यात हरवू नये म्हणून तो दोर होता.

२१/ साठाहून अधिक माणसे मेली. नेमका आकडा ठरत नाही, कारण त्या गर्दीत कोण कोठून आले होते याची धड नोंदच नव्हती. क्लोंडाइकच्या सगळ्या गर्दीतला हा सर्वांत मोठा एकत्रित मृत्यू. मृतदेह घसरगाड्यांवरून डायईला आणले, काही त्यांच्या गावी धाडले, उरलेले तिथेच पुरले. आणि थोड्याच दिवसांत सोनेरी जिन्यावर रांग पुन्हा सुरू झाली.

२२/ आता एक प्रश्न. ‘हिमाचे ज्ञान तेव्हा नव्हते, म्हणून माणसे मेली’ असे आपण सहज म्हणतो. हे खरे आहे का? आल्प्समधल्या आंडरमाट गावात वरच्या उतारावरचे रान तोडण्यास मनाई करणारा लेख १३९७ सालचा आहे. झाडे हिम धरून ठेवतात हे त्या गावाला सहाशे वर्षांपूर्वी कळले होते आणि त्याने त्याचा कायदा केला होता. योहान कोआत्स या स्विस वनाधिकाऱ्याचा हिमस्खलनांवरील ग्रंथ १८८१ चा, म्हणजे चिल्कूटच्या सतरा वर्षे आधीचा. दावोसच्या वर वाइसफ्लुयोख येथे हिमाची प्रयोगशाळा १९३६ मध्ये सुरू झाली, आणि आजचे पाच पायऱ्यांचे धोका-इशारे युरोपभर १९९३ पासून एकसारखे झाले. ज्ञान वाढतच गेले, हे खरेच. पण ३ एप्रिलपुरते पुरेसे ज्ञान शीप कॅम्पमध्ये उपस्थित होते. ते सामान खाली ठेवून बसले होते.

२३/ काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या झोजी-ला खिंडीचेही तेच. वसंतात ती ओलांडायची तर रात्री, हिम कडक असताना, हे त्या वाटेवरच्या डाकवाल्यांना आणि भारवाहकांना ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकातले साहेब प्रवासी त्यांच्याच सल्ल्याने मध्यरात्री मशाली घेऊन निघत. भारतात हिम आणि हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास करणारी संरक्षण संशोधन संस्था १९६९ मध्ये मनाली येथे उभी राहिली. तरीही मार्च १९७९ मध्ये लाहौल खोऱ्यात ओळीने कोसळलेल्या हिमस्खलनांत दोनशेहून अधिक माणसे गेली. तिथे तर लोक आपापल्या घरात होते, नकार तरी कशाला देणार? म्हणून हे सूत्र सगळीकडे लावण्याचा माझा आग्रह नाही. प्रवासाला मात्र ते लागू पडते.

२४/ याची दुसरी बाजू पाहायची तर १९२२ च्या एव्हरेस्टकडे जावे लागेल. जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहीम तिबेटच्या बाजूने चढत होती. दोन प्रयत्न झाले होते. दुसऱ्यात २७ मे रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या साहाय्याने ८३०० मीटरच्या वर गेले होते, तोवरचा विक्रम. जूनच्या सुरुवातीला पावसाळी वारे दाराशी आले असताना मॅलरीने तिसरा प्रयत्न करायचे ठरवले. नवे हिम जोरात पडले. ६ जूनला ऊन पडले. एका दिवसाच्या उन्हाने हिम बसले असेल असा अंदाज बांधून ७ जूनच्या सकाळी तुकडी नॉर्थ कोलच्या उताराला लागली. तीन ब्रिटिश, चौदा भारवाहक.

२५/ दुपारी उतार सुटला. मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हिमातून स्वतः बाहेर पडले. मागच्या दोरांवरचे नऊ भारवाहक एका बर्फकड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. त्यांतले सात मेले. एव्हरेस्टवरील हिमस्खलनाचे हे पहिले बळी. आपण नीट वागलो होतो की नाही, हा प्रश्न मॅलरीला नंतर छळत राहिला, हे त्याच्या पत्रांवरून दिसते. सॉमरवेललाही एक गोष्ट आयुष्यभर बोचली : मरणाऱ्यांत एकही ब्रिटिश नव्हता.

२६/ या चौदा जणांपैकी कुणाला ७ जूनच्या सकाळी तो उतार पाहून शंका आली असेल का? आली असती तरी ती सांगण्याची रीत त्या मोहिमेत नव्हती. चिल्कूटचा ट्लिंगिट ओझे खाली ठेवून घरी जाऊ शकत होता. ती वाट त्याची होती आणि दरही त्याचा. रोंगबुकच्या हिमनदीवरचा शेर्पा किंवा भोटिया भारवाहक दार्जिलिंगपासून आठवड्यांच्या अंतरावर, लष्करी शिस्तीच्या मोहिमेत, मजुरीवर होता. हिम दोन्हीकडे सारखेच. मरणाऱ्यांची यादी मात्र नेमकी उलटी झाली : चिल्कूटला नकार देणारे वाचले आणि जाणारे मेले, एव्हरेस्टवर नेणारे वाचले आणि नेलेले मेले.

२७/ एक तळटीपेसारखी नोंद. १९२४ च्या शामोनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये या मोहिमेला गिर्यारोहणासाठी पदके देण्यात आली. सातही मृत भारवाहकांना ती मरणोत्तर मिळाली. त्याच उतारावर त्याच दोरांवर असलेल्या, पण जिवंत राहिलेल्या भारवाहकांची नावे त्या यादीत नाहीत.

२८/ आणि आता बर्फ व हिम यांतल्या भेदाकडे. १८ एप्रिल २०१४, पहाट उलटून गेलेली, पावणेसातचा सुमार. एव्हरेस्टच्या नेपाळकडील खुंबू हिमप्रपातावर, पश्चिम खांद्याला लटकलेला बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला आणि खालच्या वाटेवर सामान वाहून नेणाऱ्यांवर कोसळला. सोळा जण गेले, सगळे नेपाळी कामगार. हे हिमाच्या थराचे सरकणे नव्हते, लटकता बर्फकडा तुटला होता. अशा बर्फाला घड्याळ फारसे कळत नाही, तो सकाळीही पडतो. तिथे ‘लवकर निघा’ हा नियम अर्धाच उपयोगी. उरलेला अर्धा म्हणजे त्याच्या खाली शक्य तितका कमी वेळ थांबणे, आणि शक्य तितक्या कमी वेळा जाणे. परंतु श्रीमंत ग्राहकाने ती वाट मोजक्या वेळा ओलांडावी यासाठी कामगाराला ती कितीतरी अधिक वेळा ओलांडावी लागते. चिल्कूटच्या चाळीस फेऱ्या आठवतात का? इथे त्या फेऱ्या दुसऱ्याच्या खांद्यावर आहेत, एवढाच फरक.

२९/ सरकारने मृतांच्या कुटुंबीयांना तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले. त्यानंतर जे घडले ते १९२२ मध्ये घडू शकले नसते. तळछावणीवर शेर्पा एकत्र आले, विमा आणि भरपाईच्या मागण्या मांडल्या आणि त्या हंगामात पुन्हा वर जायला त्यांनी नकार दिला. नेपाळच्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. काही परदेशी गिर्यारोहक हळहळले, काही संतापले. लाखो रुपये भरले होते त्यांनी. पुढच्या वर्षी हिमप्रपातातली वाट पश्चिम खांद्यापासून दूर, मध्याकडे सरकवण्यात आली. नव्या वाटेला शिड्या अधिक आणि वेळही अधिक लागतो.

३०/ इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण एरवी हा सगळा उपदेश ठरेल. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही पुण्याचे काही जण हिमाचलातल्या एका खिंडीच्या वाटेवर होतो. रात्र ढगाळ गेली होती. पहाटे चारला निघालो. तासाभरात पाय गुडघ्यापर्यंत खचू लागले. आमचा वाटाड्या त्याच खोऱ्यातला, वयाने आमच्याहून थोडाच मोठा. तो थांबला, काठी हिमात खुपसली, ती सहज आत गेली. आणि म्हणाला, ‘आज वापस.’ आमच्यात जी धुसफुस झाली ती आठवून आज लाज वाटते. रजा, रेल्वेचे तिकीट, भरलेले पैसे, सगळे बोलून झाले. सह्याद्रीत आपल्याला सवय असते, ‘आलोच आहोत तर माथ्याला पाय लावूनच जाऊ.’ कुणीतरी हेही म्हणाले की याला काम टाळायचे आहे. मी ते म्हटले नाही. पण खोडलेही नाही.

३१/ त्या दिवशी तो उतार सुटला की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही तिथे नव्हतो. यशस्वी माघारीचा पुरावा कधीच मिळत नाही. म्हणूनच इतिहासाच्या कागदपत्रांत ती दिसत नाही. ३ एप्रिलला शीप कॅम्पमध्ये सामान खाली ठेवून बसलेल्या ट्लिंगिट माणसांची आणि बायांची नावे कुठल्या फळीवर शोधणार?

३२/ तुमच्यापैकी कुणी येत्या एप्रिल-मेमध्ये हिमालयात जाणार असेल, तर आयोजकाला तंबू कसा, जेवण काय हे जरूर विचारा. सोबत एवढेही विचारा : परत फिरण्याची वेळ कोण ठरवतो? वाटाड्याने माघारी आणले तर त्याची मजुरी कापली जाते का? रात्री हिम गोठले नाही तर पर्यायी दिवस ठेवला आहे का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळ काही कळते.

३३/ चिल्कूटचे पुढे काय झाले? मे १८९८ मध्ये शेजारच्या व्हाइट पासमधून लोहमार्गाचे काम सुरू झाले, १९०० पर्यंत तो पुरा झाला आणि चिल्कूटची वाट ओस पडली. डायईही विझले. आज ती पाऊलवाट अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या उद्यान विभागांच्या देखरेखीखाली आहे. उन्हाळ्यात हौशी पदयात्री तिथे जातात, वाटेत गंजलेल्या तारा आणि टाकून दिलेले सामान दिसते. हंगामाच्या सुरुवातीला वरच्या उतारांवर हिम अजून टिकून असते. तेव्हा शीप कॅम्पला मुक्काम करणाऱ्यांना सांगितले जाते : पहाटे लवकर निघा, आणि उन्हाने हिम मऊ होण्याआधी तो टप्पा मागे टाका.